जुन्या गाडीचे नट-बोल्ट: ओळखावेत कसे आणि मिळवावेत कुठून

पद्मिनीच्या इंजिनावरच्या आठ मिलिमीटरच्या एखाद्या बोल्टला १२ नंबरचा पाना चपखल बसला, तर तो बोल्ट त्या गाडीचा नाही, हे कोणालाही न विचारता सांगता येते. युरोपीय पद्धतीच्या एम८ बोल्टचा माथा १३ मिमीचा असतो. १२ मिमीचा माथा ही जपानी पद्धत असून ती आपल्याकडे १९८३नंतर मारुतीबरोबर सर्वत्र पोहोचली. म्हणजे मधल्या काळात कुठल्यातरी गॅरेजमध्ये मूळ बोल्ट हरवला, मिस्त्रींनी सुट्या बोल्टांच्या डब्यात हात घातला आणि जो हाताला लागला तो बसवून दिला. माझ्या पद्मिनीचे बॉनेट उघडून असे परके बोल्ट मोजले, तेव्हा केवळ इंजिनाच्या परिसरात एकतीस निघाले. त्यांतले निम्मे निरुपद्रवी होते आणि बाकीच्यांनी कुठे ना कुठे आटे खाल्ले होते.

जुनी गाडी उभी करताना रंगकाम, क्रोम आणि सीट यांची चौकशी सगळे आधीपासून करतात. नट-बोल्टांची आठवण मात्र जोडणी सुरू झाल्यावर होते, आणि तेव्हा एका बोल्टापायी गाडी आठवडाभर जॅकवर अडकून पडते. ‘हा बोल्ट बाजारात मिळतच नाही’ ही तक्रारही नेहमीची आहे. माझ्या अनुभवात तो बोल्ट दहापैकी आठ वेळा मिळतो. काय हवे ते दुकानदाराला नेमके सांगितलेले नसते, एवढीच खरी अडचण असते. म्हणून या लेखात बाजाराइतकीच जागा घरच्या टेबलावरच्या मोजमापाला दिली आहे.

आधी गाडीचे घराणे ओळखावे

आपल्याकडच्या रस्त्यांवरच्या जुन्या गाड्या आट्यांच्या दृष्टीने ढोबळमानाने तीन घराण्यांतल्या आहेत. पहिले घराणे मेट्रिक. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फिॲटच्या परवान्याने बनवलेली १९६४ची फिॲट ११०० डिलाइट, त्यानंतरची प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी या सगळ्या या घराण्यातल्या. मात्र इथेही एक मेख आहे. बाजारात नुसते ‘एम१०’ म्हटले, की १.५ मिमी पिचचा (लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतराचा) बोल्ट हातात पडतो, आणि फिॲटने मात्र बारीक आट्यांचा एम१०×१.२५ आणि एम१२×१.२५ सढळपणे वापरला आहे.

दुसरे घराणे यूएनएफ (बारीक) आणि यूएनसी (जाड), म्हणजे युनिफाइड आट्यांचे. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी १९४८मध्ये एकत्र येऊन ही पद्धत मान्य केली, कारण युद्धकाळात एका देशाचा बोल्ट दुसऱ्या देशाच्या नटात बसत नव्हता. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवर बेतलेली ॲम्बेसेडर आणि विलिसच्या वंशातली महिंद्राची जीप या घराण्यात येतात. जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे असतात. हे ठाऊक नसलेल्या माणसाने चार फुटी पाइप लावून ते मोडल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तिसरे घराणे जुने ब्रिटिश. १८४१मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी मांडलेले बीएसडब्ल्यू आटे, त्यांचे १९०८मधले बारीक भावंड बीएसएफ आणि विजेच्या जोडण्यांत व मीटरांत दिसणारे इवलेसे बीए, हे सगळे त्यात येतात. १९५०पूर्वीची ब्रिटिश गाडी असेल तर यांच्याशी गाठ पडणारच. याच घराण्यात एक विक्षिप्त पाहुणाही आहे. एमजीच्या टी मालिकेतल्या इंजिनांचे आटे मेट्रिक असून बोल्टांचे माथे मात्र व्हिटवर्थ मापाचे आहेत. मॉरिसने १९२३मध्ये कोव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, तेव्हा यंत्रे मेट्रिकच ठेवली आणि ब्रिटिश मिस्त्रींच्या हातातले पाने बदलायला लागू नयेत म्हणून माथे इंग्रजी ठेवले. एमजी टीसीचा मालक माथा मोजून आट्यांचा अंदाज बांधू लागला, तर तो फसलाच म्हणून समजावे.

खोलताना काहीही फेकू नये

गंजलेला, वाकलेला, अर्धा तुटलेला बोल्ट हाही नमुनाच असतो. त्याच्यावर माप आहे, माथ्यावर खूण आहे आणि एखाद्या कोपऱ्यात मूळ मुलाम्याचा रंग शिल्लक आहे. म्हणून प्रत्येक जोडणीसाठी वेगळी झिपची पिशवी घ्यावी, पिशवीत बोल्टबरोबर त्याचे वॉशरही ठेवावेत आणि चिठ्ठी शाईने न लिहिता पेन्सिलीने लिहावी, कारण तेलाने शाई पसरते. मोबाइलवर फोटो काढताना बोल्टशेजारी पट्टी ठेवलेली असावी. बोल्टांची लांबी एकाच झाकणावरही वेगवेगळी असू शकते. अशा ठिकाणी पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून त्या त्या जागी भोके पाडावीत आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या भोकात खोचून ठेवावा. ही युक्ती जुन्या मिस्त्रींची आहे आणि तिच्यापेक्षा चांगली मला अजून सापडलेली नाही.

बोल्ट हाती आल्यावर त्याला तारेच्या ब्रशने घासण्याची घाई करू नये. आधी डिझेलमध्ये रात्रभर भिजवावा, मग मऊ ब्रशने साफ करावा आणि माथ्यावरची अक्षरे वाचून लिहून घ्यावीत. ग्राइंडरच्या ब्रशने माथा चकचकीत होतो खरा, पण अक्षरेही पुसट होतात.

मापे: व्हर्नियर पुरेसा नाही

इथे बहुतेकांची चूक होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. एम८ बोल्टचा व्यास नावाप्रमाणे ८ मिमी असला तरी आट्यांवरून मोजल्यास तो ७.८ ते ७.९च्या आसपास भरतो. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, आणि तोही झिजल्यावर ७.८ भरतो. नुसता व्हर्नियर लावून हे दोघे कधीच वेगळे ओळखू येणार नाहीत. फरक पिचमध्ये आहे. एम८ची नेहमीची पिच १.२५ मिमी. ५/१६ यूएनएफमध्ये इंचाला २४ आटे, म्हणजे पिच १.०६ मिमी. ५/१६ बीएसएफमध्ये २२ आटे, म्हणजे १.१५ मिमी. यूएनसी आणि बीएसडब्ल्यू या दोन्हींत १८ आटे, म्हणजे १.४१ मिमी.

पिच गेज दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. मेट्रिक आणि इंची अशी दोन्ही पाती असलेला घ्यावा, आणि जुनी ब्रिटिश गाडी असेल तर ५५ अंशांच्या पात्यांचा वेगळा गेज घ्यावा. गेजची पाती आट्यांवर टेकवून बोल्ट उजेडासमोर धरावा. पाती आणि आटे यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, की माप चुकले. गेज हाताशी नसेल तर दहा आट्यांची लांबी व्हर्नियरने मोजावी. एका शिखरापासून सुरुवात करून दहा अंतरे मोजली, की एम८ला १२.५ मिमी, यूएनएफला १०.६, बीएसएफला ११.५ आणि यूएनसीला १४.१ मिमी येतात. एका आट्यावर न दिसणारा फरक दहा आट्यांवर डोळ्यांनाही दिसतो.

मग आट्याच्या खाचेचा कोन. मेट्रिक आणि युनिफाइड आटे ६० अंशांचे, व्हिटवर्थ आणि बीएसएफ ५५ अंशांचे, बीए साडेसत्तेचाळीस अंशांचे. पाव इंचाच्या यूएनसी आणि बीएसडब्ल्यू या दोन्हींमध्ये इंचाला २० आटे असतात, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर फिरतो आणि सगळे ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात आट्यांची बाजू पूर्ण टेकलेली नसते आणि कंपनात असा नट सैल होतो. बीएच्या शून्य नंबरचा स्क्रू ६ मिमीचा असून त्याची पिचही १ मिमी आहे, म्हणजे कागदावर तो एम६चा जुळा भाऊ. तरीही तो एम६च्या नटात जबरदस्तीने घालू नये.

माझ्या गाडीच्या थर्मोस्टॅटच्या झाकणाने हे मला शिकवले. इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आणि त्यातला आटा एम८चा. आधीच्या कुणीतरी त्यात ५/१६ यूएनएफ बोल्ट पान्याने रेटून बसवला होता. बोल्ट बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चमकदार तार गुंडाळलेली होती. ती तार म्हणजे हेडमधला मूळ आटा. शेवटी तिथे हेलिकॉइल, म्हणजे नवा आटा देणारी तारेची गुंडाळी, बसवून काम भागले.

लांबी मोजताना माथ्याखालपासून टोकापर्यंत मोजावी. काउंटरसंक, म्हणजे माथा पृष्ठभागात बुडणाऱ्या, स्क्रूची लांबी मात्र माथ्यासकट धरतात. त्यानंतर आटे नसलेला साधा दांडा किती आहे ते पाहावे. बाजारात याला हाफ थ्रेड आणि फुल थ्रेड म्हणतात. स्प्रिंगच्या शॅकलमध्ये, सस्पेन्शनच्या हातांत किंवा प्रोपेलर शाफ्टच्या जोडात बोल्टवर आडवा भार येतो. तिथे दोन पत्र्यांच्या सांध्यात साधा दांडाच आला पाहिजे, आटे नव्हेत. फुल थ्रेड बोल्ट तिथे बसतो, घट्टही होतो आणि पुढे कधीतरी आट्याच्या खाचेतून तुटतो.

माथ्याच्या मापावरूनही बरेच कळते. एम१०ला जुन्या युरोपीय पद्धतीत १७ मिमी, जपानी पद्धतीत १४ मिमी. यूएनएफमध्ये पाव इंचाला ७/१६चा पाना, ५/१६ला अर्धा इंचाचा, ३/८ला ९/१६चा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यामुळे ॲम्बेसेडरवर १३ नंबरचा पाना ‘चालतो’, आणि म्हणूनच ॲम्बेसेडरच्या निम्म्या बोल्टांचे कोपरे गोल झालेले असतात.

माथ्यावरची खूण

मेट्रिक बोल्टवर ८.८, १०.९ किंवा १२.९ असा आकडा असतो. पहिला आकडा शंभरने गुणला, की ताणशक्ती मेगापास्कलमध्ये मिळते, आणि दुसरा आकडा त्या ताणशक्तीच्या किती दशांश भागानंतर बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो ते सांगतो. म्हणजे ८.८ बोल्ट ८०० मेगापास्कलचा, आणि ६४०नंतर तो परत मूळ लांबीवर येत नाही. अमेरिकी पद्धतीत आकड्यांऐवजी रेघा असतात. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, साधारण ८.८च्या जवळ, आणि सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, साधारण १०.९च्या जवळ. ब्रिटिश बोल्टांवर अक्षर दिसते. ‘एस’ म्हणजे चौरस इंचाला ५० टन, जो ८.८पेक्षा किंचित कमी भरतो. माथ्यावर एकमेकांना चिकटलेली तीन वर्तुळे किंवा मध्यभागी गोल खळगा दिसला, तर तो ब्रिटिश बनावटीचा युनिफाइड बोल्ट होय.

नव्या बोल्टवर आकड्याबरोबर उत्पादकाची खूणही असायला हवी. नुसता ‘८.८’ आणि उत्पादक अनामिक असेल, तर तो बोल्ट बाहेरच्या पत्र्याच्या कामाला वापरावा आणि ब्रेकच्या आसपासही फिरकू देऊ नये. नटही ग्रेडचा असतो: ८.८च्या बोल्टला ८चा नट, १०.९ला १०चा. हाय टेन्साइल, म्हणजे जादा ताणशक्तीच्या, बोल्टवर साधा एमएस (मऊ पोलादाचा) नट लावला, तर आधी नटाचे आटे जातात आणि दोष बोल्टला मिळतो.

यादी करताना चार ढीग करावेत

सगळे मोजून झाल्यावर बोल्टांचे चार ढीग करावेत. पहिल्या ढिगात जिवावर बेतणारे: कनेक्टिंग रॉडचे, फ्लायव्हीलचे, स्टिअरिंगचे, ब्रेकचे, सस्पेन्शनचे. हे जुने परत वापरू नयेत आणि नवे घेताना मूळ ग्रेडपेक्षा खाली येऊ नये. दुसऱ्या ढिगात इंजिन आणि गिअरबॉक्सवरचे बाकीचे. आटे आणि कोपरे चांगले असतील, तर हे मुलामा देऊन परत वापरता येतात. तिसऱ्या ढिगात पत्र्याचे आणि दिसणारे स्क्रू, जिथे ताकदीपेक्षा माथ्याचा आकार महत्त्वाचा. चौथ्यात विचित्र मंडळी: आतून पोकळ बँजो बोल्ट, खाचांचे कॅसल नट, पिंजऱ्यातले नट, क्रोमच्या पट्टीच्या क्लिपा, कानाचे लॉक वॉशर.

यादीत दहा बोल्ट हवे असतील तर तेरा लिहावेत. एक हरवतो, एक चुकीचा निघतो आणि एक पुढच्या वर्षी लागतो.

बाजार

पहिली पायरी नट-बोल्टांचाच बाजार. मुंबईत मशीद बंदरजवळचा नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. हार्डवेअरच्या सर्वसाधारण दुकानात न जाता ‘हाय टेन्साइल’ किंवा ‘एचटी’ अशी पाटी असलेल्या दुकानात जावे. तिथे ग्रेड विचारला तर दुकानदाराला राग येत नाही. फिॲटचा एम८ आणि एम६ इथे सहज मिळतो. एम१०×१.२५साठी ‘एम टेन, सव्वा पिच, फाइन’ असे स्पष्ट सांगावे आणि नमुना काउंटरवर ठेवावा.

इथे सुताची भाषा कळणे उपयोगाचे आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती म्हणजे पाव इंच, अडीच सुती ५/१६, तीन सुती ३/८, चार सुती अर्धा इंच. मात्र नुसते ‘अडीच सुती बोल्ट’ मागितले, तर शेड बांधायला वापरतात तो जाड आट्यांचा, मऊ लोखंडाचा व्हिटवर्थ बोल्ट मिळेल. ॲम्बेसेडरसाठी ‘अडीच सुती, यूएनएफ, चोवीस आटे, एचटी’ एवढे पूर्ण वाक्य बोलावे लागते.

यूएनएफ शहरात मिळाले नाहीत, तर तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात जावे. जुन्या मॅसी फर्ग्युसनच्या वंशातल्या ट्रॅक्टरांवर यूएनएफ आणि यूएनसी आटेच असल्याने बारामती किंवा सांगलीसारख्या ठिकाणी हे बोल्ट चांगल्या ग्रेडचे आणि मुंबईपेक्षा स्वस्त मिळतात. शहरातल्या गाडीवाल्यांना ही वाट सुचत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. त्याच न्यायाने जुन्या बुलेटच्या भागांच्या दुकानात इंचाला २६ आट्यांचे सायकल थ्रेडचे नट सापडतात, आणि इटालियन व फ्रेंच गाड्यांत अधूनमधून भेटणारा, हार्डवेअरवाल्याला ऐकूनही माहीत नसलेला एम७ बजाज चेतकच्या सामानात मिळतो, कारण व्हेस्पाच्या वंशातल्या त्या स्कूटरच्या हेडवर तोच नट असून त्याला ११ मिमीचा पाना लागतो.

मारुतीच्या बोल्टांवर मी वर टीका केली खरी, पण जपानी गाड्यांतही एम१०×१.२५ आणि एम१२×१.२५ सर्रास वापरतात. त्यामुळे पद्मिनीत न दिसणाऱ्या जागी चांगल्या ग्रेडचा सव्वा पिचचा बोल्ट हवा असेल, तर मारुतीच्या सुट्या भागांच्या दुकानातला अस्सल बोल्ट हा अनामिक बोल्टापेक्षा कितीतरी बरा. माथा वेगळा दिसेल, एवढेच.

दुसरी पायरी गाड्यांच्या भागांचा बाजार: मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर, पुण्यात नाना पेठ. इथे फक्त त्या गाडीसाठी बनलेल्या वस्तू विचाराव्यात, म्हणजे हेडचे स्टड, मॅनिफोल्डचे उंच पितळी नट, स्प्रिंगचे यू-बोल्ट. मॅनिफोल्डला पितळी नटच लावावेत. उष्णतेत पोलादी नट स्टडला धरून बसतो आणि पुढच्या वेळी स्टडसकट निघतो.

तिसरी पायरी भंगार. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून सेवेतून गेली. त्या आधीच्या काही वर्षांत तुटलेल्या टॅक्सींचे मूळ स्क्रू आणि नट अजूनही कोणाकोणाच्या गोण्यांत पडून आहेत. भंगारातून पहिल्या ढिगातला एकही बोल्ट घेऊ नये. तिसऱ्या आणि चौथ्या ढिगासाठी मात्र यासारखी जागा नाही. दाराच्या हँडलचे स्क्रू, वाटीच्या आकाराचे वॉशर, बॉनेटच्या कडीचा खास स्क्रू असे सामान किलोच्या भावाने मिळते. उन्हाआधी जावे, चुंबक आणि पिच गेज खिशात ठेवावा. चुंबकाने पितळ आणि मुलामा दिलेले लोखंड क्षणात वेगळे होते.

बीएसएफ आणि बीए यांच्यासाठी शेवटी ब्रिटनकडे वळावे लागते, कारण तिथे या आट्यांचे बोल्ट आजही नव्याने बनतात. बोल्ट जड असतात आणि टपालखर्च वजनावर असतो, म्हणून वर्षभराची यादी एकदम मागवावी. लेस्टर किंवा लंडनचा एखादा नातेवाईक सुट्टीला येणार असेल तर अर्धा किलो बोल्ट त्याच्या मोठ्या बॅगेत येऊ शकतात. हातातल्या बॅगेत ठेवले तर सुरक्षा तपासणीत थांबवण्याची शक्यता अधिक.

काउंटरवरची तपासणी

बोल्ट घेताना सोबत नवा, खात्रीचा नट न्यावा. तो बोटांनी पूर्ण आट्यांवर फिरला पाहिजे. दोन-तीन फेऱ्यांत अडकला तर पिच चुकली, आणि डुगडुगला तर व्यास किंवा कोन चुकला. वीस बोल्ट घेतले तर वीसही फिरवून पाहावेत. एका दुकानात मला एकाच पाकिटात दोन पिचचे बोल्ट मिळाले आणि दुकानदाराचे म्हणणे होते, ‘साहेब, घट्ट केले की बसतात.’ बसतात, हे खरेच आहे.

ब्रेकच्या पाइपचे नट घेताना विशेष सावध राहावे. मेट्रिक पाइपनट एम१०×१, तर इंची ३/८ यूएनएफ, म्हणजे व्यास ९.५ मिमी आणि पिच १.०६. हा इंची नट मेट्रिक भोकात सहज फिरतो, शेवटी घट्टही होतो आणि पाय जोरात दाबल्यावर सुटतो. अशा जागी अंदाज, उधारी आणि मित्राचा सल्ला तिन्ही टाळून फक्त गेजवर विसंबावे.

स्टेनलेसचा मोह अनेकांना होतो. ए२-७० स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कलनंतरच ताणला जाऊ लागतो, म्हणजे ८.८च्या बराच खाली, आणि त्याचे आटे एकमेकांना जाम धरतात. नंबरप्लेटला, आतल्या गालिच्याच्या पट्टीला तो ठीक आहे. सस्पेन्शनला नाही.

मिळालाच नाही, तर बनवून घ्यावा

जो बोल्ट कुठेच मिळत नाही तो लेथवर बनतो. टर्नरला नमुन्याबरोबर कागदावर चित्र द्यावे: व्यास, पिच, कोन, साधा दांडा, माथा, टोक. साध्या कामाला ईएन८, ताकदीच्या कामाला ईएन१९ किंवा उष्णताप्रक्रिया केलेले ईएन२४ पोलाद सांगावे. लेथवर कापलेला आटा कारखान्यात दाबून काढलेल्या आट्यापेक्षा कमजोर असतो, कारण कापताना पोलादाचे तंतू तुटतात आणि दाबताना ते आट्याच्या आकारात वळतात. म्हणून कनेक्टिंग रॉडचा बोल्ट लेथवर कधीही बनवू नये, टर्नर कितीही निष्णात असला तरी. बँजो बोल्ट, दिव्याचा लांब स्क्रू किंवा पायरीचा स्टड मात्र खुशाल बनवावा.

उलट पर्यायही आहे. तयार मोठ्या माथ्याच्या ८.८ बोल्टचा माथा १३ किंवा १७ मिमीला उतरवून घेता येतो. आटे कारखान्याचे राहतात आणि रूप मूळचे मिळते. याचा खर्च बोल्टच्या किमतीच्या कितीतरी पट होतो, म्हणून तो डोळ्यांसमोर येणाऱ्या दहा-बारा बोल्टांपुरताच करावा. लुधियानात खास बोल्ट बनवणारे कारखाने भरपूर आहेत, पण तिथे ऑर्डर हजारांच्या हिशोबात घेतात, त्यामुळे एकाच गाडीचे पाच-सहा मालक एकत्र आले तरच तो मार्ग परवडतो.

मुलामा

मूळ गाडीवर सगळे बोल्ट एकाच रंगाचे नव्हते. काही फिकट झिंकचे, काही काळसर फॉस्फेटचे, काही साध्या तेलातले. खोलताना काढलेले फोटो इथे कामाला येतात. झिंकचा थर पाच ते आठ मायक्रॉनचा पुरतो. त्याहून जाड झाला, तर बारीक आटे नटात जात नाहीत आणि मग लोक डाय मारून मुलामा खरवडतात. मुलाम्याचे कारखाने वजनावर काम घेतात आणि ड्रममध्ये सगळ्यांचा माल एकत्र फिरतो, म्हणून आपले बोल्ट तारेत ओवून आणि मोजून द्यावेत.

१०.९ आणि त्यावरच्या ग्रेडचे बोल्ट मात्र साध्या झिंकला देऊ नयेत. आम्लाच्या टाकीत आणि विजेच्या मुलाम्यात पोलादात हायड्रोजन शिरतो आणि घट्ट केलेला बोल्ट काही तासांनी, काही दिवसांनी, गाडी नुसती उभी असताना तुटतो. मुलामा द्यायचाच असेल तर चार तासांच्या आत सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास भट्टीत ठेवणारा कारखाना शोधावा. नाहीतर असे बोल्ट काळे आणि तेलातलेच बसवावेत.

क्लिपा आणि पिंजरे

चौथ्या ढिगातल्या क्रोमच्या पट्टीच्या क्लिपा सर्वात चिवट. स्प्रिंग गेल्यावर त्या दिसायला शाबूत राहतात, पट्टी मात्र सत्तरच्या वेगाला फडफडते. टिनवाल्याकडून साध्या पत्र्याच्या क्लिपा करून घेण्यात अर्थ नाही. निळसर टेंपर केलेली स्प्रिंग स्टीलची पट्टी आणून त्यातूनच त्या वाकवाव्यात, आणि वाकवताना तापवू नये. पिंजऱ्यातला नट गेला असेल तर पिंजरा उघडून नवा चौकोनी नट आत सरकवावा. मिस्त्रींना तो वेल्डिंगने चिकटवायचा असतो. तसे केल्यास नट हलत नाही आणि पुढे मडगार्ड एक मिलिमीटरही इकडेतिकडे करता येत नाही.

जोडणीच्या वेळी प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी किमान तीन फेऱ्या फिरवावा आणि मगच पाना लावावा. जुन्या मॅन्युअलमधले टॉर्कचे आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात. ते ९.८ने गुणले, की आजच्या टॉर्क पान्यावरचे न्यूटन-मीटर मिळतात. ते आकडे मूळ ग्रेडच्या, कोरड्या आट्यांसाठी आहेत की तेल लावलेल्या, हे मॅन्युअलमध्ये वाचून घ्यावे. चालवायला लागल्यावर पाचशे किलोमीटरनंतर सस्पेन्शन आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा तपासावेत. उरलेले तीन-तीन बोल्ट, माप आणि दुकानाचे नाव लिहिलेल्या पिशवीतून, डिकीतल्या स्टेपनीखाली ठेवून द्यावेत.